किरकोळ अपराध, बाल न्याय मंडळ आणि शिक्षक

गावात एखाद्या मुलाच्या हातून चूक घडली की त्याच्या नावामागे ‘चोर’ हे विशेषण फार लवकर चिकटते. कायदा मात्र अशी घाई करीत नाही. अपराधी मुलांना प्रौढ गुन्हेगारांपासून निराळे वागवावे, हा विचार आपल्या राज्यास नवा नाही. १९२४ व १९४८ चे मुंबईचे मुलांविषयीचे अधिनियम त्यातूनच झाले. सध्या २०१५ चा बाल न्याय अधिनियम लागू आहे. त्यानुसार अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती बालक होय. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध ठरत नाही, आणि सात ते बारा या वयात समज पुरेशी पक्व होती की नाही, हे पाहावे लागते.

समजा, सातवीतील तेरा वर्षांच्या मुलाने जत्रेतील उघड्या पथारीवरून एक घड्याळ उचलले. ज्या अपराधास कमाल तीन वर्षांपर्यंतच कैद सांगितली आहे, तो किरकोळ अपराध होय. ही साधी चोरी त्यातच मोडते. अशा प्रकरणी, सोबत प्रौढ आरोपी नसल्यास, प्रथम खबर नोंदविली जात नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते व मुलाच्या सामाजिक परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. मुलास बेडी घालता येत नाही, कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. ताब्यात घेतल्यास प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मंडळापुढे न्यावे लागते.

मंडळात एक न्यायदंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्यांपैकी निदान एक स्त्री असते. तेथे उंच आसन नसते, आरोपीचा पिंजराही नसतो. चौकशी संक्षिप्त रीतीने होते व ती चार महिन्यांत संपवावयाची असते. वाढवून दिलेल्या दोन महिन्यांतही ती न संपल्यास किरकोळ प्रकरण तेथेच समाप्त होते.

अपराध सिद्ध झाल्यास मंडळ पुढीलपैकी योग्य तो आदेश देते :

(१) समज देऊन व पालकांसह समुपदेशन करून घरी पाठविणे;
(२) गटसमुपदेशन अथवा देखरेखीखाली समाजसेवा;
(३) पालकांनी दंड भरणे;
(४) चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर पालकांच्या स्वाधीन करणे;
(५) सुधारणेसाठी विशेष गृहात ठेवणे.

आदेश देण्यापूर्वी परिवीक्षा अधिकारी मुलाच्या घराची, सोबत्यांची व शाळेची माहिती मिळवितो. येथे शिक्षकाचे महत्त्व आहे. ‘मुलगा वाईट आहे’ एवढे सांगून त्याचे कर्तव्य संपत नाही. हजेरी केव्हापासून घटली, घरी कोण कमावते, मूल कोणत्या कामात रमते, हे त्याने प्रत्यक्ष पाहिलेले असते, तेच सांगावे.

मुलाचे नाव व शाळा वृत्तपत्रांतून उघड करणे हा दंडनीय अपराध आहे. शिक्षकानेही वर्गात वा पालकसभेत त्या प्रकरणाची वाच्यता करू नये. मूल परत येईल त्या दिवशी हजेरीपटावर त्याचे नाव असावे आणि बाकावर त्याची जागा मोकळी असावी. ती जागा नाकारली गेली, तर मंडळाने दिलेल्या संधीचा त्याला उपयोग होणे कठीण आहे.