आता गोष्टी वाच

चि. सायली,


एचएसके या चिनीच्या परीक्षेची चौथी पातळी पार केलीस, म्हणजे हजारावर शब्द हाताशी आले. तरी चिनी परिच्छेद समोर आला की धडकी भरते, असं लिहिलंस. आणखी शब्द पाठ करून ती जाणार नाही. गोष्टी वाच, छोट्या आणि पुष्कळ.

अडचण अशी की चिनी लिहिताना दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. शब्द कुठे तोडायचा हे वाचणाऱ्याने ठरवायचं. 'यान-जिऊ-शंग-मिंग' ही चार चिन्हं घे. पहिली तीन जोडलीस तर पदव्युत्तर विद्यार्थी उभा राहतो आणि चौथं लोंबकळत राहतं. दोन-दोन जोडलीस तर जीवनाचा अभ्यास! पाठांतराच्या यादीत शब्द आधीच तोडून दिलेले असतात, म्हणून तिथे ही नजर तयार होत नाही. गोष्टीत तीच माणसं, तेच घर, तीच भानगड पुन्हा पुन्हा येते आणि हळूहळू डोळा चिन्हांचे गट पकडू लागतो. तुला छळणारी ती 'बा'ची रचनासुद्धा, म्हणजे कर्म क्रियापदाआधी आणणारी, कुणी पत्र लपवलं, दार लोटलं, की सहज उलगडते.

शंभरात दोन-तीनच शब्द अनोळखी असावेत. जास्त अडले तर पुस्तक खुशाल बाजूला ठेव. 'हान्यू फंग' ही पेकिंग विद्यापीठ प्रकाशनाची मालिका ३०० शब्दांपासून सुरू होते, मग ५००, ७५०. तू ५०० वालीच घे, सोपी वाटली तरी. चिन्हांच्या डोक्यावर पिनयिन छापलेली पुस्तकं नकोत. नजर रोमन अक्षरांवरच जाते. पहिलं वाचन शब्दकोश मिटून, थेट शेवटापर्यंत. अडलेलं दुसऱ्या वेळी शोध. मग मोठ्याने वाच.

बुंध्याशी सशाची वाट पाहत बसलेल्या शेतकऱ्यासारख्या जुन्या कथा आजच्या भाषेत सांगितलेल्याच घे. ती कथा सांगणाऱ्या हान फेइचं मूळ लेखन अभिजात चिनीत आहे, ते वेगळं शिक्षण.

नंतर लेखक लू शूनकडे ये. 'एक लहानशी घटना' ही त्याची १९१९ सालची कथा मला फार प्रिय आहे. हिवाळ्यातलं बीजिंग, रस्त्यात पडलेली म्हातारी, आणि गिऱ्हाइकाला तसंच सोडून तिला आधार देत पोलीस चौकीकडे नेणारा रिक्षावाला. भाषा जुनी असल्याने काही शब्द अडतील, पण प्रसंग एकच आहे, धागा सुटणार नाही. त्याची 'खोंग यीजी' ही कथा मात्र मागे ठेव. तिचा नायक बोलतानाही अभिजात चिनी पेरतो.

दिवाळीला येशील तेव्हा वाचलेली एक गोष्ट मला चिनीतच सांग, पुस्तक न उघडता.

तुझी,
मावशी