खेळातील स्वतःचे घर : एक विचार
(द्वितीय वर्ष कला)

संगणकावरील खेळ म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, असे पुष्कळांचे मत आहे. त्या वादात मी शिरत नाही. ज्या खेळांत आपण एखादे पात्र होऊन मोठ्या काल्पनिक प्रदेशात हिंडतो, त्यांत खेळाडूला स्वतःचे घरही घेता येते. ते घर चांगले केव्हा म्हणावे, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

२०११ साली आलेल्या ‘स्कायरिम’ या खेळाचे उदाहरण पाहू. त्यातील व्हाइटरन शहरात ‘ब्रीझहोम’ नावाचे छोटे घर आहे. किंमत ५,००० सोन्याची नाणी. पण नुसते पैसे असून भागत नाही. आधी तेथील सरदाराचे एक अवघड काम करून द्यावे लागते. घर हाती येते तेव्हा ते जवळजवळ रिकामेच असते. स्वयंपाकघर, शेजघर यांचे सामान वेगळे पैसे देऊन घ्यावे लागते. म्हणून चांगल्या घराची पहिली कसोटी ही की, ते कष्टाने आणि हळूहळू उभे राहावे.

दुसरी कसोटी सोयीची. हे घर वेशीजवळ आहे आणि शेजारीच लोहाराचे दुकान आहे. दमून आलेला माणूस दोन पावलांत घरात शिरतो. याउलट सॉलिट्यूड शहरातला २५,००० नाण्यांचा वाडा दिसायला भव्य. पण सामान ठेवायचे तर मजले चढा आणि उतरा! मी तो घेतला आणि पुन्हा छोट्या घरीच राहायला आलो.

तिसरी कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या खेळात पात्राला ठराविक वजनाचेच ओझे पेलते. अधिक झाले की धावता येत नाही. एखाद्या गुहेतील पेटीत सामान ठेवावे, तर काही दिवसांनी ते नाहीसे होण्याची भीती. स्वतःच्या घरातील पेटीत मात्र ते जसेच्या तसे राहते. फळीवर लावलेले पुस्तक महिन्याने आलो तरी फळीवरच असते.

हे मला एवढे का भावले, ते सांगतो. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो आणि आजवर चार खोल्या बदलल्या. दर वेळी माझी पुस्तके गोणीत भरली जात. एका बदलीत दहावीच्या वह्यांची गोणी टेम्पोतून कोठे पडली, ते कळलेच नाही. आई अजून हळहळते. मित्राच्या संगणकावर मी त्या छोट्या घरात प्रथम पुस्तके लावली, तेव्हा मला त्या गोणीची आठवण झाली.

२०१६ च्या ‘स्टारड्यू व्हॅली’त आजोबांचे एका खोलीचे घर मिळते. त्यात स्वयंपाकघरही नसते. १०,००० नाणी आणि ४५० लाकडे दिली की सुतारीण ते बांधून देते. तरीही पहिल्या दिवसापासून ते आपले असते, कारण तेथून कोणी ‘खोली खाली करा’ म्हणत नाही.

तात्पर्य, घर किती मोठे आहे याला फारसे महत्त्व नाही. ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी सापडावी, एवढी खात्री ज्या घरात आहे ते चांगले घर. खेळ रचणाऱ्यांना हे उमगले आहे. आमच्या घरी अजून गोण्या जपून ठेवलेल्या आहेत. नोकरी लागल्यावर मी पहिल्यांदा भिंतीत एक पक्की फळी ठोकणार आहे.