दात नसलेल्यांचा दाणा

मराठी घराच्या स्वयंपाकात शेंगदाण्याचा अंमल किती दूरवर चालतो याची मोजदाद करण्याचे काम एखाद्या नेकीच्या कारकुनाकडे सोपविले, तर तो खिचडीपासून भरल्या वांग्यापर्यंत, काकडीच्या कोशिंबिरीपासून सोलापुरी चटणीपर्यंत आणि उपवासाच्या आमटीपासून गुळाच्या लाडवापर्यंत नोंदी करता करता थकून जाईल, आणि पोह्यांतले चार दाणे तरीही त्याच्या दप्तराबाहेरच राहतील. अशा घरात पीनट बटरची बरणी येऊन बसली, तेव्हा तिची वर्गवारी आपोआपच झाली: व्यायामशाळेत जाणाऱ्या पुतण्याचे ते खाद्य, इतरांचा त्याच्याशी संबंध नाही. माझे आजचे मत याच्या नेमके उलट आहे. ज्याचे बत्तीस दात शाबूत आहेत त्याने भाजलेले दाणे गुळाबरोबर खुशाल चावून खावेत. पीनट बटरची खरी जागा ज्याला दात आलेले नाहीत आणि ज्याचे दात गेले आहेत, अशा दोघांच्या ताटात आहे. हे मत बनण्यास जे कारण घडले ते सांगितल्यावाचून पुढचा उपदेश पोकळ ठरेल, म्हणून प्रथम तेच सांगतो.

आषाढी एकादशीस शहाडच्या बिर्ला मंदिरात विठ्ठलदर्शनासाठी जी रीघ लागते, तीत आमच्या मोहने गावची पुष्कळ कुटुंबे असतात. एके वर्षी दर्शन करून घरी परतल्यावर फराळाची पाने मांडली गेली, खिचडीत सर्वांच्या आवडीचे जाडसर कूट होते, आणि मधोमध भाजलेल्या दाण्यांचे ताट ठेवले होते, त्याच्याभोवती दीड वर्षांचा नातू हसत-खिदळत फिरत होता. एकाएकी त्याला जोराचा ठसका लागला, तोंड लालबुंद झाले, डोळ्यांत पाणी आले. आजीने पाठीवरून हात फिरविला, आणि थोड्याच वेळात तो पुन्हा पूर्ववत खेळू लागला. त्यानंतर काही दिवसांनी खोकला सुरू झाला. पावसाळ्याचे दिवस, उल्हास नदीकाठची ओलसर हवा, घरोघरी सर्दी; तेव्हा औषधाच्या बाटल्या बदलत राहिल्या आणि खोकला मात्र रात्री वाढत राहिला. अखेर एका वयोवृद्ध बालरोगतज्ज्ञांनी छातीच्या दोन्ही बाजू पुन:पुन्हा ऐकून सूनबाईंना एकच प्रश्न केला, की खोकला सुरू होण्यापूर्वी याला काही खाताना ठसका लागला होता काय? त्या प्रश्नासरशी एकादशीचा तो प्रसंग सर्वांना आठवला.

क्ष-किरणांच्या चित्रात दाणा दिसत नाही, ही गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती. दिसते ते एवढेच, की एका बाजूचे फुप्फुस दुसऱ्यापेक्षा अधिक फुगलेले आहे, कारण अडकलेला तुकडा श्वास आत जाऊ देतो आणि बाहेर पडताना वाट अडवितो. नातवाच्या बाबतीत हे उजवीकडे होते; उजवी श्वासनलिका डावीपेक्षा रुंद व सरळ असल्याने तुकडा बहुधा तिकडेच जातो. त्याला गुंगी देऊन, घशातून दुर्बीण घालून अर्धा दाणा काढण्यात आला. आतल्या ओलाव्याने तो फुगलेला होता, आणि दाण्यातील तेलाने तेथले नाजूक अस्तर सुजले होते. मूल सुखरूप घरी आले. ठसक्यानंतर मूल शांत होणे हेच या प्रकारातील सर्वांत फसवे लक्षण आहे, असे त्या तज्ज्ञांनी आम्हांला बजावून सांगितले, आणि ते मी येथे मुद्दाम नमूद करतो: तुकडा वरच्या नळीतून खाली सरकला की काही काळ सर्व काही ठीक भासते.

यावरून घरात जो शिरस्ता पडला तो असा. पाच वर्षांखालील मुलाच्या हाती अख्खा वा अर्धा दाणा, चिक्की किंवा दाणे घातलेला चिवडा देऊ नये. पुढचे दात तुकडा पाडतात, पण दळण्याचे काम दाढांचे, आणि त्या पुरेशा येईपर्यंत गुळगुळीत डाळिंबी निसटून जाण्याचा धोका राहतोच. खिचडीचे कूट बारीक असावे. जाडे कूट अधिक रुचकर लागते हे मला मान्य आहे, पण ते मोठ्यांच्या वाटणीला वेगळे काढावे. ठसका लागल्यावर मूल खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्यावे आणि तोंडात बोट घालून चाचपडू नये. आवाजच फुटेनासा झाला तर वर्षाच्या आतले बाळ पालथे व डोके खाली धरून पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध पाच थापा, मग उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब द्यावेत. त्याहून मोठ्या मुलास पाठीवरील थापांनंतर मागून कवळून बेंबीच्या वर मुठीने आत-वर दाब द्यावा. आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

दाणा वर्ज्य करावा असा मात्र याचा अर्थ नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तीव्र कुपोषित बालकांसाठी जे घट्ट मिश्रण बनविले जाते, त्यात दाण्याबरोबर दूधभुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे असतात. पाण्याचा अंश अल्प असल्याने त्यात जंतू सहसा वाढत नाहीत, ते शिजवावे लागत नाही आणि मूल ते सरळ चाटून खाते. लंडनमध्ये गिडियन लॅक यांनी ६४० बालकांवर केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे आढळले, की ॲलर्जीची भीती असलेल्या ज्या मुलांना बाळपणापासून दाण्याचे मऊ पदार्थ दिले गेले, त्यांच्यापेक्षा पाच वर्षांपर्यंत दाण्यापासून दूर ठेवलेल्यांत ती ॲलर्जी कितीतरी पटींनी अधिक उद्भवली. ज्या बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी आहे, त्याच्याबाबत मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून प्रारंभ करू नये. सहा महिन्यांनंतर बाळास पीनट बटर द्यावयाचे ते पातळ करून, कोमट पाण्यात, दह्यात वा मऊ भातात कालवून. चमचाभर घट्ट गोळा टाळूला चिकटून घसा अडवू शकतो, म्हणून तोही धोक्याचाच.

बरणी विकत आणताना नावापेक्षा घटकांची यादी वाचावी. जे सर्वांत अधिक ते प्रथम लिहिण्याचा नियम आहे. दाण्यामागोमाग साखर आणि पामतेल आले, तर आपण काय विकत घेत आहोत हे कळून येते. वर तेल तरंगणे हा दोष नव्हे, ते ढवळून घ्यावे. तथापि घरी करणे इतके सोपे आहे, की बाजारची बरणी हा आमच्याकडे अपवाद झाला. दाणे मंद आचेवर खमंग भाजावेत, सुपात चोळून साले पाखडून टाकावीत आणि मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावेत: आधी कूट होते, मग त्याचा गोळा धरतो, आणि धीर सोडला नाही तर तेल सुटून मऊ लगदा वाहू लागतो. दाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मे तेलच असल्याने वरून घालण्याची गरज नाही. दोन मोठ्या चमच्यांत, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅमांत, साधारण १९० कॅलरी आणि सात-आठ ग्रॅम प्रथिने येतात. तेव्हा ज्या दिवशी हे खाल्ले, त्या दिवशी आमटीतील कूट तेवढे कमी करावे. पुतण्या हा हिशेब ऐकत नाही, ते सोडा.

पावसाळ्यात दाणे मोठ्या प्रमाणात भरून ठेवू नयेत, कारण ओलीने त्यांना बुरशी धरते. १९६० साली इंग्लंडात टर्कीची सुमारे एक लाख पिल्ले मेली, ती ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीतील बुरशीच्या विषाने. भाजल्याने हे विष पूर्णपणे नष्ट होत नाही, म्हणून सुरकुतलेला, काळपट, कुबट वासाचा दाणा निवडून फेकून द्यावा, आणि त्याचे कूट करून चालवून घेण्याची काटकसर करू नये.

राहिली माझी वृद्ध भगिनी, जिची कवळी बहुतेक डब्यातच असते. तिच्यासाठी ज्वारीची भाकरी गरम दुधात कुस्करून त्यात चमचाभर हा लगदा आणि थोडा गूळ मिसळतात. मात्र अर्धांगवायूनंतर गिळण्यास ज्यांना त्रास होतो अशांना हे देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि देताना त्यांना सरळ बसवून, पहिला घास गिळला गेल्याची खात्री करूनच दुसरा द्यावा.