शेल गॅस काढावा, पण पाणी सांभाळून

शेल म्हणजे गाळ दाबला जाऊन तयार झालेला पापुद्र्यांचा खडक. त्याच्या बारीक छिद्रांत मिथेन अडकलेला असतो, पण छिद्रं एकमेकांना नीट जोडलेली नसल्याने नुसतं बोअर मारून तो वर येत नाही. म्हणून खोल गेल्यावर विहीर आडवी वळवतात आणि पाणी, वाळू व थोडी रसायनं प्रचंड दाबाने सोडून खडकाला चिरा पाडतात. वाळू त्या चिरा उघड्या ठेवते. यालाच ‘फ्रॅकिंग’ म्हणतात.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मार्सेलस शेलमधून २००५ पासून असा गॅस निघतो. तिथल्या अनुभवातून तीन धडे घेता येतात.

१) सिमेंटिंग : १ जानेवारी २००९ रोजी डिमॉक गावात एका घराच्या विहिरीत साठलेल्या मिथेनचा स्फोट झाला. राज्याच्या पर्यावरण खात्याने ठपका ठेवला तो सदोष केसिंग आणि सिमेंटिंगवर. चिरा दीड-दोन किलोमीटर खाली, आणि गळती वरच्या थरांत! म्हणून सिमेंट नीट धरलं की नाही याची प्रेशर टेस्ट व्हायलाच हवी. शिवाय आजूबाजूच्या विहिरींचं पाणी ड्रिलिंगच्या आधीच तपासून ठेवावं, म्हणजे नंतर तुलना करता येते.

२) सांडपाणी : एका विहिरीला दीड कोटी लिटर पाणी सहज लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे दीड हजार टँकर! त्यातलं काही अतिखारट होऊन, रेडियम घेऊन परत येतं. सुरुवातीला ते शहरी शुद्धीकरण केंद्रांमार्फत नद्यांत गेलं, पण या केंद्रांत क्षार निघत नाहीत. २०११ मध्ये राज्याने हे थांबवायला सांगितलं आणि तेच पाणी पुढच्या विहिरीत वापरणं वाढलं. ओक्लाहोमात मात्र तेल-गॅस विहिरींचं सांडपाणी खोल जमिनीत सोडल्याने भूकंप वाढले. २०१६ मध्ये पॉनी इथे ५.८ तीव्रतेचा धक्का बसला.

३) गळती : वीजनिर्मितीत गॅस कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड सोडतो. पण मिथेन न जळता हवेत गेला, तर २० वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा ८० पट घातक. थोडक्यात, ढिले व्हॉल्व्ह सगळा फायदा खाऊन टाकतात. त्यामुळे विहीर सुरू करतानाचा गॅस पकडायचा आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्याने गळती शोधत राहायचं.

न्यूयॉर्क राज्याने डिसेंबर २०१४ मध्ये फ्रॅकिंगवर बंदी जाहीर केली, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने नियम कडक करत काम चालू ठेवलं. परवानगी द्यायची की नाही, हे सरकार ठरवेल. पण सिमेंट पक्कं व्हायच्या आत “चला, पुढे घ्या” असं कुणी म्हटलं, तर “थांबा” म्हणण्याचं काम साइटवरच्या इंजिनिअरचं. उद्या त्या रिपोर्टवर सही आपलीच असणार आहे!