कथाकथन, भारूड आणि वर्गातील समभाव

संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता १९५० साली नष्ट झाली. तथापि कायद्याने संपलेली गोष्ट मनातूनही संपावी, हे कार्य बव्हंशी प्राथमिक शाळेचे आहे. अंतर राखून बसणे, आडनावावरून चिडविणे या सवयी मुले घरून व गावातून घेऊन येतात. नुसत्या उपदेशाने त्या सुटत नाहीत. गोष्ट व लोककला मात्र बालमनात सहज उतरतात. गाडगे महाराज (१८७६–१९५६) खराट्याने गाव झाडीत व रात्री कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत. उत्तर श्रोत्यांनीच दिलेले असल्यामुळे ते त्यांना परके वाटत नसे. शिक्षकांनी हीच रीत अनुसरावी.

गोष्टींची निवड : गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणाऱ्या अस्पृश्य बालकास संत एकनाथांनी उचलून घेतले, ही परंपरागत कथा सर्वपरिचित आहे. ती अवश्य सांगावी. परंतु तेथेच थांबू नये. त्या कथेत बालक केवळ दयेचा विषय होतो, आणि वर्गातील एखाद्या मुलाची मान त्यामुळे खाली जाण्याचा संभव असतो. म्हणून तिच्या जोडीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची हकीकत सांगावी. साताऱ्याच्या शाळेत ते घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. शिपाई नसेल तर त्यांना पाणीही मिळत नसे. त्यांनीच २० मार्च १९२७ रोजी महाड येथे हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. 'पाणी मागणे आणि पाण्यावर हक्क सांगणे यांत भेद कोणता?' हा प्रश्न वर्गाला विचारावा व उत्तरासाठी पुरेसा अवधी द्यावा.

भारूड : एकनाथांचे विंचवाचे भारूड लहान वर्गांसही साधते. त्यातील विंचू म्हणजे काम व क्रोध; त्याचा दंश कोणालाही होतो, तो जात पाहत नाही. भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात. जातिवाचक नावे असलेली भारुडे मात्र टाळावीत. ती नावे खेळाच्या मैदानावर चिडविण्यास वापरली जातात.

वाद्ये : हलगी वाजविण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या ठराविक जातींकडेच राहिले. गावातील हलगीवादकास शाळेत बोलवावे ते कला शिकविणारे पाहुणे म्हणून. त्यांना शिक्षकांच्या बरोबरीने आसन द्यावे, आणि हलगी प्रत्येक मुलामुलीच्या हाती जावी. काही पालक याबद्दल कुरकुर करतील. त्यांच्याशी वाद न घालता त्यांना कार्यक्रमास निमंत्रण द्यावे.

कार्यक्रम किती रंगला, यावरून पाठाचे यश मोजू नये. दुसऱ्या दिवशी शालेय पोषण आहाराच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसले, हे शिक्षकांनी न बोलता पाहावे. पाठाची खरी परीक्षा तेथेच होते.