शून्य की रिकामी जागा?

समजा, मालवणच्या एका रापणीची पाच दिवसांची नोंद अशी आहे: बांगड्याच्या टोपल्या १२, ०, ९, –, १५. दुसऱ्या दिवशी जाळे रिकामे आले. चौथ्या दिवशी समुद्र खवळल्याने ते टाकलेच नाही. एका ओढीस सरासरी किती टोपल्या?

हे गणित ‘आर’ला घालू. रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकात रचलेली ही संख्याशास्त्राची संगणकभाषा विनामूल्य मिळते. तिच्यात नसलेली नोंद ‘एनए’ अशी लिहितात. ‘मीन’ ही सरासरीची आज्ञा देताच उत्तरही ‘एनए’ येते! ‘एनए.आरएम = ट्रू’, म्हणजे ‘नसलेल्या नोंदी वगळ’, असे जोडा. मग ३६ ÷ ४ = ९.

तेथे शून्य लिहिले असते तर ७.२ आले असते आणि मासळी घटली, असा खोटा निष्कर्ष निघाला असता. आता शाळेची पर्जन्यनोंद तपासा. ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘पाऊस मोजला नाही’ हे वेगळे लिहिले आहे ना?