झोपलेल्याला मारू नका

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या. गुन्हा मात्र नीट सांगतो.

माझ्या लॅपटॉपची रॅम ४ जीबी, त्यावर लिनक्स. रूममेटचा तापमान मोजायचा प्रोजेक्टही त्यावरच चालू होता, दर १० मिनिटांनी सेन्सरचं एक रीडिंग. एका रात्री मशीन फारच हळू झालं. मी ‘फ्री’ कमांड दिली. फ्रीच्या रकान्यात जेमतेम १५० एमबी! घाबरून ‘टॉप’ उघडलं, तर कितीतरी प्रोसेस ‘एस’, म्हणजे स्लीपिंग. सीपीयू ० टक्के. फुकट बसल्यात म्हणून चार-पाच ‘किल -९’ने उडवल्या. त्यातली एक रूममेटची निघाली. १९ तासांची रीडिंग्ज गेली, आणि मोकळी झाली १२ एमबी!

मग अभ्यासाला बसलो. माझ्या तीन चुका झाल्या होत्या.

पहिली : लिनक्स उरलेली रॅम रिकामी ठेवत नाही. वाचलेल्या फाइली कॅशमध्ये धरून ठेवतो, गरज पडली की ती जागा सोडतो. म्हणून ‘फ्री’ नाही, ‘अव्हेलेबल’चा रकाना बघायचा. माझ्याकडे तिथे दीड जीबी होती.

दुसरी : झोपलेली प्रोसेस म्हणजे आळशी प्रोसेस नव्हे. आपले वॉचमनकाका खुर्चीत डुलक्या घेतात, पण गेट वाजलं की उठतात, तसंच हे. झोपेत ती सीपीयू वापरत नाही. मेमरी खरंच कमी पडली, तर तिची न वापरलेली पानं कर्नल स्वतःच स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर हलवतो.

तिसरी : नुसतं ‘किल’ दिलं की सिग्नल १५ जातो. त्याचा अर्थ, ‘आवरून निघ’. तो आला की रीडिंग्ज फाइलमध्ये लिहायची सोय रूममेटने केली होती. पण सिग्नल ९ प्रोग्रॅमला पकडता येत नाही, कर्नल तिथल्या तिथे संपवतो. म्हणून आधी १५, थोडं थांबा, नाइलाज झाला तरच ९. आणि त्याआधी, प्रोसेस कोणाची ते विचारा!

मशीन हळू कशामुळे होतं? ब्राउझरमधल्या एका पानाने सीपीयू धरून ठेवला होता. ‘टॉप’च्या यादीत तो पहिल्याच ओळीत होता. मी जाग्याला सोडून झोपलेल्यांच्या मागे लागलो.

रूममेटने रीडिंग्ज पुन्हा घेतली. आता प्रत्येक रीडिंग लगेच फाइलमध्ये जातं. तेवढा कोड मी लिहून दिला.